खोडदच्या माळावर एक दिवस

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें जाणारांस नारायणगांव अपरिचित नाहीं. ओझरच्या विघ्नहराच्या किंवा लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाच्या दर्शनास निघालेली मंडळी येथें चहासाठीं थांबतात. शिवनेरीवर जाणारे येथून जुन्नरकडे वळतात. आणि हंगाम असेल तर द्राक्षांच्या पेट्या मोटारींत ठेवून सर्वजण आनंदानें घरीं परततात. आमचाही आजवरचा क्रम हाच होता. येथून पूर्वेस थोड्याच अंतरावर खोडद नांवाचें गांव आहे, आणि त्या गांवच्या माळावर जगांतील नामांकित रेडिओ-दुर्बिणींपैकीं एक उभी आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. पण ठाऊक असणें आणि पाय वळणें यांत पुष्कळ अंतर असतें. तें अंतर गेल्या फेब्रुवारींत आमच्या पुतणीनें तोडलें.

ही मुलगी महाविद्यालयांत पहिल्या वर्गास आहे. एके रात्रीं जेवणाच्या पंक्तींत तिनें प्रश्न काढला, "कृष्णविवरांतून प्रकाशसुद्धां बाहेर येऊं शकत नाहीं म्हणतात, मग त्याच्याकडून क्ष-किरण आणि रेडिओ-लहरी येतात त्या कोठून?" आमचे वडील बंधु व्यवसायानें डॉक्टर. क्ष-किरणांशीं त्यांचा संबंध रोजचा. परंतु तो रोग्यांच्या छातीपुरता. आमचें ज्ञान त्याहून तोकडें. वहिनींनीं वाढतां वाढतां सुचविलें, "ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच जाऊन विचारावें." राष्ट्रीय विज्ञानदिनीं, म्हणजे २८ फेब्रुवारीला, खोडदचें केंद्र सर्व लोकांस खुलें असतें. तोच दिवस ठरला. आमच्या मातुःश्री, ज्यांना घरांत सर्वजण माई म्हणतात, त्यांनीं आपलें वय ऐंशीच्या पुढें गेलें असतांही बरोबर येण्याचा हट्ट धरला. "शिवनेरी तीनदां पाहिली, आतां हेंही पाहूं," असें त्या म्हणाल्या.

पहांटे निघून चाकण, राजगुरुनगर, मंचर अशीं गांवें मागें टाकीत आम्ही नारायणगांवीं पोंचलों तेव्हां ऊन कोंवळें होतें. तेथून खोडदकडे वळल्यावर दोहों बाजूंस द्राक्षांचे मांडव, टोमॅटोचीं शेतें, मधूनच उसाचा फड. आणि एका वळणावर, शेतांच्या हिरव्या पट्ट्यापलीकडे, एक पांढरी प्रचंड परात आकाशाकडे तोंड करून उभी असलेली दिसली. मुलांनीं गलका केला. थोडें पुढें जातों तों दुसरी, मग तिसरी. सर्वांचीं तोंडें एकाच दिशेस वळलेलीं. कीर्तनकारानें हात वर केला असतां श्रोत्यांच्या माना एकदम वळाव्यात, तसा कांहींसा तो देखावा होता.

या तबकड्या एकंदर तीस. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, म्हणजे जवळजवळ दीडशें फूट. त्यांपैकीं चौदा एकाच माळावर, सुमारें एक किलोमीटरच्या आवारांत आहेत. उरलेल्या सोळा तीन फांद्यांवर दूरदूर पसरलेल्या आहेत. अशा रीतीनें दोन टोकांच्या तबकड्यांमधील अंतर पंचवीस किलोमीटरपर्यंत जातें. प्रत्येक तबकडीनें टिपलेला संदेश कांचेच्या तंतूंवरून मध्यवर्ती इमारतींत येतो, आणि तेथें सर्वांचा मेळ घालतात. मेळ नीट बसला म्हणजे बारीक तपशील पाहण्याच्या कामीं पंचवीस किलोमीटर रुंदीची एकच दुर्बीण असल्याचा लाभ होतो. तीस भाऊ तीस घरीं राहत असतांही कुटुंब एकत्र राहूं शकतें, याचें इतकें चांगलें उदाहरण आम्हीं दुसरें पाहिलें नाहीं!

ही योजना प्रा. गोविंद स्वरूप यांची. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७० सालीं उटीच्या डोंगर-उतारावर पहिली मोठी रेडिओ-दुर्बीण उभारली होती. पुढें खोडदची ही दुर्बीण १९९० नंतरच्या दशकांत आकारास आली. इतक्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या करावयाच्या तर खर्च आवांक्याबाहेर जाता, व वादळी वाऱ्याचा दाब सोसण्यास सांगाडाही तितकाच अवजड लागता. त्यांनीं पोलादी दोर ताणून त्यांवर बारीक तारेची जाळी बसविली. वारा जाळींतून निघून जातो; रेडिओ-लहरी मात्र परावर्तित होतात. माईंना हें पटेना. "जाळींतून वारा जातो, मग लहर कशी अडते?" तेथें माहिती सांगणारा तरुण क्षणभर थांबला, पण वहिनींनींच उत्तर दिलें, "चाळणींतून पीठ पडतें आणि कोंडा वर राहतो, तसें." तरुणानें हंसून मान्यता दिली. या लहरींची लांबी सुमारें वीस सेंटिमीटरपासून दोन मीटरांहून अधिक असते, व जाळीचीं छिद्रें एक-दोन सेंटिमीटरांचीं. कोंडा अडतो तो असा.

प्रा. स्वरूप सप्टेंबर २०२० मध्यें पुण्यांत वारले. पण त्या माळावर उभें राहिलें असतां, काटकसर आणि भव्यता या दोन गोष्टी एकत्र नांदूं शकतात, असें त्या जाळीकडे पाहून मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

आतां पुतणीच्या प्रश्नाकडे वळूं. तिला मिळालेलें उत्तर आम्हांस समजलें तसें येथें देतों.

कृष्णविवरांतून खरोखरच कांहीं बाहेर येत नाहीं. जें येतें तें त्याच्या उंबरठ्याबाहेरून. शेजारच्या ताऱ्याचा वायु त्याच्याकडे ओढला जातो, तेव्हां तो सरळ आंत पडत नाहीं. न्हाणीच्या मोरींत पाणी जसें भोवऱ्यानें फिरत उतरतें, तसा तो फिरत फिरत चकतीच्या आकारानें आंत सरकतो. या फिरण्यांत घर्षण होतें, आणि ताऱ्याएवढ्या कृष्णविवराभोंवतालच्या चकतीचा आंतला कांठ सुमारें एक कोटि अंशांपर्यंत तापतो. इतका तापलेला वायु डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशानें नव्हे, तर मुख्यत्वें क्ष-किरणांनीं चमकतो. हा झाला पहिला संदेश. परंतु सर्वच द्रव्य आंत जात नाहीं. चकतीच्या दोन्ही बाजूंस, तिच्याशीं काटकोन करून, द्रव्याचे दोन अरुंद झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें बाहेर फेंकले जातात. फिरणाऱ्या द्रव्यांतील चुंबकीय रेषांना पीळ पडून हे झोत उठत असावेत, असें शास्त्रज्ञ मानतात. त्याचा पूर्ण उलगडा अद्याप व्हावयाचा आहे. या झोतांतील इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोंवतीं गिरक्या घेतात आणि गिरक्या घेतां घेतां रेडिओ-लहरी सोडतात. हा दुसरा संदेश. सारांश, क्ष-किरण हे मुख्यतः घासाची वार्ता सांगतात, तर रेडिओ-लहरी उकळीबरोबर बाहेर उडालेल्या शितोड्यांची.

दुर्दैव एवढेंच, कीं हे दोन्ही संदेश एकाच ठिकाणीं बसून ऐकतां येत नाहींत. आपलें वातावरण रेडिओ-लहरींना वाट देतें, पण क्ष-किरणांना अडवितें. आणि तें आपल्या जिवाच्या दृष्टीनें बरेंच आहे. म्हणून रेडिओ-दुर्बीण खोडदच्या माळावर, आणि क्ष-किरणांची दुर्बीण अवकाशांत. भारतानें २८ सप्टेंबर २०१५ रोजीं श्रीहरिकोट्याहून सोडलेला 'ॲस्ट्रोसॅट' हा उपग्रह याच कामाचा. त्यावरील कित्येक उपकरणें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत तयार झालीं. खोडदची दुर्बीणही त्याच संस्थेच्या पुण्यांतील केंद्राची. एका घरच्या दोन लेकी, एक माहेरीं आणि एक परदेशीं. दोघींचीं पत्रें शेजारीं शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजेच खरी हकीकत कळते.

येथें आमच्या बंधूंचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "हें तर आमचेंच काम. नाडी पाहावयाची, छातीचें क्ष-किरण छायाचित्रही काढावयाचें, आणि दोन्ही जुळवून निदान करावयाचें. एकट्या नाडीवर भरंवसा ठेवणारा फसतो, आणि एकट्या छायाचित्रावर ठेवणाराही."

निदानाची ही पद्धत आकाशांत प्रथम फळली ती १९७१ सालीं. हंस तारकासमूहांतील क्ष-किरणांचा एक प्रखर उगम १९६४ सालीं अग्निबाणावरील उपकरणांनीं शोधला होता. पण त्या काळच्या उपकरणांना त्याची नेमकी जागा सांगतां येईना. त्या भागांत तारे असंख्य, यांपैकीं कोणता? १९७१ च्या वसंतांत एकाएकीं त्याचे क्ष-किरण बदलले, आणि त्याच सुमारास तेथें एक नवा रेडिओ-उगम प्रकट झाला. रेडिओ-दुर्बिणींना जागा अचूक ठरवितां येते. त्या जागीं एक मोठा निळा तारा दिसला, आणि तो साडेपांच दिवसांहून थोड्या अधिक काळांत कोणा अदृश्य सोबत्याभोंवतीं फेरी घालीत असल्याचें आढळलें. हा सोबती म्हणजे कृष्णविवर म्हणून सर्वमान्य झालेली पहिली वस्तु. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मोजणीप्रमाणें त्याचें वस्तुमान सूर्याच्या एकवीस पट, आणि अंतर सुमारें ७,२०० प्रकाशवर्षें आहे. क्ष-किरणांनीं हांक मारली, आणि रेडिओ-लहरींनीं घर दाखविलें.

दुसरी हकीकत गरुड तारकासमूहांतील. १९९२ मध्यें एका रशियन उपग्रहास तेथें क्ष-किरणांचा एक नवा उगम सांपडला. त्याचें नांव पंचांगांतील आंकड्यासारखें रूक्ष आहे: जीआरएस १९१५+१०५. १९९४ मध्यें मिराबेल आणि रॉड्रिग्ज या दोघां शास्त्रज्ञांनीं रेडिओ-दुर्बिणीनें पाहिलें, तों त्यांतून बाहेर पडणारे द्रव्याचे गोळे प्रकाशाच्या सव्वापट वेगानें जात असल्यासारखे दिसले! प्रकाशाहून अधिक वेग तर निसर्गांत नाहीं. मग हें कसें?

समजा, एखादा प्रवासी प्रत्येक मुक्कामावरून पत्र टाकीत आपल्याच गांवाकडे येत आहे, आणि त्याची चाल टपालाच्या चालीहून फारशी कमी नाहीं. पहिलें पत्र लांबून यावयाचें, शेवटचें जवळून. त्यामुळें सारीं पत्रें लागोपाठ हातांत पडतात, आणि घरच्यांस वाटतें कीं यानें चार दिवसांची वाट एका दिवसांत कापली. झोत आपल्याकडे कललेला असला म्हणजे नेमकी हीच फसगत होते. त्या गोळ्यांचा खरा वेग प्रकाशाच्या सुमारें ९२ टक्के होता. तोही कांहीं थोडा नव्हे!

याच उगमानें १९९७ मध्यें आणखी एक गुपित सांगितलें. त्याचे क्ष-किरण सुमारें अर्ध्या अर्ध्या तासानें मंदावत आणि पुन्हा उसळत. आणि त्यांच्या पाठोपाठ प्रथम अवरक्त प्रकाश, मग कांहीं वेळानें रेडिओ-लहरी वाढत. जणूं चकतीचा आंतला तापलेला भाग एकाएकीं रिता होई, त्यांतील कांहीं अंश आंत गिळला जाई, आणि कांहीं बाहेर उडे; तो उडालेला अंश पसरत गेला म्हणजे रेडिओ-लहरींनीं दिसूं लागे. चकती आणि झोत यांचा संबंध आहे हें अनुमान होतेंच. येथें तो घड्याळ लावून पाहतां आला. खोडदच्या दुर्बिणीनें आणि ॲस्ट्रोसॅटनेंही या उगमावर पुढें निरीक्षणें केलीं.

पुढें २००३ च्या सुमारास या संबंधास नियमाचें रूप आलें. कृष्णविवर शांतपणें जेवीत असतां, क्ष-किरण दसपट वाढले तर रेडिओ-लहरी साधारण पांचपट वाढतात, असें अनेक उगमांत दिसून आलें. त्यांत कृष्णविवराचें वस्तुमानही हिशोबांत धरलें तर सूर्याच्या दहापट वजनाच्या लहानग्यांपासून दीर्घिकांच्या मध्यभागीं बसलेल्या कोट्यवधि सूर्यांच्या अजस्र कृष्णविवरांपर्यंत सर्वजण सामान्यतः एकाच रीतीनें वागतात असें ठरलें. अपवाद आहेत, नाहींत असें नाहीं. पण मुंगीचा आणि हत्तीचा आहार एकाच त्रैराशिकानें सुटावा, हें नवल लहान नव्हे.

आणि आतां खुद्द खोडदची गोष्ट. भुजंगधारी तारकासमूहांत, सुमारें ३९ कोटि प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांचा एक मोठा समूह आहे. त्यांतील दीर्घिकांच्या मधल्या पोकळींत कोट्यवधि अंश तापलेला वायु भरलेला असून तो क्ष-किरणांनीं चमकतो. आपल्या चंद्रशेखरांच्या नांवानें १९९९ मध्यें अवकाशांत गेलेल्या 'चंद्रा' दुर्बिणीच्या चित्रांत त्या वायूच्या एका कडेला आंत वळलेला कांठ दिसला. पाटावरच्या कणकेंत वाटी दाबावी तसा. २०१६ मध्यें अभ्यासकांनीं त्याची नोंद केली. झोतानें वायु ढकलून हा खळगा पडला असेल काय, असा विचारही झाला; पण इतका मोठा खळगा पाडण्यास लागणारी शक्ति इतकी अचाट निघाली, कीं तो विचार त्यांनीं बाजूला ठेवला. क्ष-किरणांचें छायाचित्र हातीं होतें, पण नाडी पाहावयाची राहिली होती. २०२० च्या आरंभीं ती पाहून झाली. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील एका रेडिओ-दुर्बिणीनें आणि खोडदच्या या तीस तबकड्यांनीं टिपलेल्या लहरी त्या चित्रावर ठेवून पाहतां, खळगा जेथें संपतो तेथपर्यंत रेडिओ-लहरींनीं तो भरलेला आढळला. वाटी कोणत्या हातानें दाबली हें कळलें. मध्यवर्ती दीर्घिकेंतील कृष्णविवराच्या झोतानेंच तो स्फोट केला होता. आपल्या आकाशगंगेसारख्या पंधरा आकाशगंगा त्या खळग्यांत एका ओळींत मावतील, आणि तोंवर ज्ञात असलेल्या अशा सर्वांत मोठ्या स्फोटाच्या पांचपट त्याची शक्ति होती. आज तेथें झोत चालू असल्याची कांहीं खूण नाहीं. तें सर्व केव्हांच शांत झालें. त्याचा मंद अवशेष तेवढा जुन्नर तालुक्यांतील या माळावर ऐकूं आला.

ऐकूं येण्यासाठीं शांतता लागते, आणि येथें आम्ही त्या दिवसाच्या खऱ्या प्रश्नाशीं आलों. आंत शिरण्यापूर्वीं आम्हीं सर्वांनीं मोबाईल बंद केले होते. बंधूंनीं आपले रोगी दुसऱ्या डॉक्टरांवर सोंपविले होते, तरी त्यांचा हात वरचेवर खिशाकडे जाई. चंद्रावर एकच मोबाईल चालूं ठेवला, तर तो येथून आकाशांतील प्रखर रेडिओ-उगमांपैकीं एक ठरेल, असें सांगतात. मग शेजारच्या गांवांतील मनोरे, यंत्रें आणि ठिणग्या यांची काय कथा! हा भाग दुर्बिणीसाठीं निवडला त्याचें एक मोठें कारण येथील रेडिओ-शांतता हें होतें. आणि ती टिकावी म्हणून सभोंवार मोठ्या उद्योगांवर निर्बंध आहेत. पुणें-नाशिक जलद रेल्वेचा मार्ग दुर्बिणीजवळून आंखला गेला, तेव्हांही याच कारणानें हरकत निघाली व पुष्कळ वाद झाला.

परततांना रस्त्याच्या कडेला एका शेतकऱ्याकडून द्राक्षें घेतलीं. कोठून आलांत म्हणून त्यानें विचारलें, आणि आम्हीं सांगितल्यावर तो हंसून म्हणाला, "आम्ही गप बसायचं, तव्हा त्यांना वरचं ऐकू येतं. ठीक हाये. माझी पोरगी बी तिथंच गेलीय, शाळेचं यंत्र मांडलंय तिनं. पण शिकल्यावर तिनं कामाला पुण्यालाच जायचं का?"

आमच्याजवळ उत्तर नव्हतें. विश्वाचें रहस्य सर्व जगाचें, आणि त्यासाठीं राखावयाची शांतता मात्र ठराविक गांवांची. हा हिशोब आंत तबकड्या पाहतांना आमच्या मनांत आला नव्हता. त्या शेतकऱ्याच्या बोलण्यांत राग नव्हता, म्हणूनच तें अधिक लागलें. त्याची मुलगी आणि आमची पुतणी त्या दिवशीं कदाचित् एकाच तबकडीखालीं उभ्या राहिल्या असतील. पण एकीचा प्रश्न ३९ कोटि प्रकाशवर्षांपलीकडचा, आणि दुसरीचा, तिच्या बापाच्या तोंडून, पन्नास मैलांपलीकडच्या पुण्याचा.

मोटारींत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मंचर मागें पडल्यावर माई म्हणाल्या, "कीर्तन चालूं असतां पुढच्या ओळींतल्या पोरांना आपण गप्प बसवितों. बसवावेंच लागतें, नाहींतर कोणालाच कांहीं ऐकूं यावयाचें नाहीं. पण मग प्रसाद वांटतांना पहिला हात त्यांच्याकडे वळावा लागतो."

आम्हांस यापेक्षां चांगला निवाडा सुचत नाहीं. ती शांतता राखली पाहिजे, याविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं. एकदां गेलेली ती परत यावयाची नाहीं, आणि असे माळ पृथ्वीवर थोडेच उरले आहेत. परंतु आकाशाच्या या कीर्तनाचा प्रसाद, म्हणजे शाळा, शिक्षण आणि गोंगाट न करणारे उद्योग, प्रथम त्या माळावरच्या गांवांना मिळावा, हेंही तितकेंच खरें. वाचकांपैकीं ज्यांस सवड असेल त्यांनीं पुढच्या विज्ञानदिनीं मुलाबाळांसह खोडदला अवश्य जावें. मोबाईल बंद ठेवावेत, तबकड्यांकडे डोळे भरून पाहावें. आणि परततांना द्राक्षें घेतांना, देणाऱ्याचें दोन शब्द ऐकण्यापुरतें आपणही गप्प राहावें.